वारीच्या मुक्कामी कटिशूल : शय्येचा विचार

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून श्री तुकाराम महाराजांची आणि अष्टमीस आळंदीहून श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी प्रस्थान ठेवते. आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरपूर गाठावयाचे असते. म्हणजे सुमारे अठरा दिवस रोजची वाटचाल, आणि तितक्याच रात्री राहुटीत, पालाखाली, शाळेच्या ओसरीवर किंवा मालट्रकच्या आडोशाला काढावयाच्या. प्रस्थानापूर्वीच्या महिनाभरात आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत एक रुग्ण हमखास येतो. साठीच्या पुढचा, वीस-पंचवीस वर्षे वारी करणारा, अलीकडे कंबरेने जेरीस आलेला. तो औषध मागण्याआधी एवढेच विचारतो, "डॉक्टर, यंदा वारी घडेल ना?"

या प्रश्नास आम्ही वैद्य सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे देतो. एक, "या वर्षी राहू द्या." दुसरे, एक तेल, एक गुग्गुळकल्प आणि "जपून चाला." पहिले उत्तर रुग्ण ऐकत नाही. ज्याच्या घरी वारीची परंपरा आहे त्याला वारी चुकणे हे कंबरदुखीहून मोठे दुःख वाटते. दुसरे उत्तर तो ऐकतो, पण ते अपुरे असते, कारण त्यात दिवसाच्या चालण्याचा विचार आहे, रात्रीच्या निजण्याचा नाही. आमचे निरीक्षण असे आहे की वारीत कंबर बहुधा रस्त्यावर बिघडत नाही, ती अंथरुणावर बिघडते. दिवसभर चालून आलेला रुग्ण रात्री आठ वाजता बरा असतो आणि पहाटे चार वाजता त्याला उठता येत नाही. म्हणून "काय अंथरता, कसे निजता, कसे उठता?" हे तीन प्रश्न कटिशूलाच्या केसपेपरवर असले पाहिजेत, असे आम्ही प्रस्तुत लेखात सुचवू इच्छितो. येथे सांगितलेले बरेचसे गडकोटांवर तंबू ठोकून राहणाऱ्या तरुणांना आणि नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांनाही लागू आहे.

एकाच यादीत सारा मुक्काम

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधींची जी कारणे सांगितली आहेत, ती वारीचा मुक्काम डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा वाचावीत. रूक्ष, शीत व अल्प अन्न, लंघन, अतिजागरण, अत्यध्व म्हणजे प्रमाणाबाहेर वाट चालणे, वेगसंधारण, आणि या सर्वांसोबत दुःखशय्या. शास्त्रकारांनी गैरसोयीच्या शय्येस स्वतंत्र हेतूचा मान दिला आहे, ही गोष्ट आपण पाठांतरात म्हणतो आणि व्यवहारात विसरतो.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी मार्गावरील पुणे ते सासवड हा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा घ्या. तो बहुतेक वर्षी एकादशीच्या सुमारास येतो. उपवास, दिवेघाटाची चढण, सायंकाळी पाऊस, रात्री कीर्तनास जागरण, आणि मग ओलसर जमिनीवर एका सतरंजीवर निजणे. अत्यध्व, लंघन, जागरण आणि दुःखशय्या हे चार हेतू एकाच दिवसात एकत्र येतात. महिला वारकऱ्यांच्या बाबतीत पाचवा हेतूही येतो. शौचमुखमार्जनाची सोय लांब असल्याने त्या पाणी कमी पितात आणि वेग धरून ठेवतात. शिवाय काळही प्रतिकूल असतो. ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षाऋतूच्या आरंभी प्रकुपित होतो, आणि वारी नेमकी याच ऋतुसंधीत चालते.

यांपैकी वाट कमी करणे आपल्या हाती नाही. ऋतू बदलणे तर नाहीच. शय्या मात्र बहुतांशी आपल्या हाती आहे.

जमीन शरीरास काय करते

जमिनीवर निजणाऱ्या शरीरावर चार गोष्टींचा परिणाम होतो : कठीणपणा, शीत, ओल आणि उतार.

कठीणपणाविषयी आपल्याकडे एक समज रूढ आहे. कंबर दुखणाऱ्याने फळीवर किंवा नुसत्या जमिनीवर निजावे, असे आपणही वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या ३१३ व्यक्तींना काही महिने दोन प्रकारच्या गाद्या वापरावयास दिल्या होत्या. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झाला. कारण समजण्याजोगे आहे. कुशीवर निजले असता खांदा आणि नितंब हे पुढे आलेले भाग थोडे आत रुतले, तरच मधली कंबर सरळ रेषेत राहते. फरशीवर ते रुतत नाहीत, त्यामुळे कंबर लोंबकळते आणि त्या बाजूचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. उलट फार मऊ गादीत नितंब खोल जातात आणि पाठीचा कणा वाकतो. ज्या रुग्णाला जमिनीवर निजून आराम वाटतो त्याला हट्टाने बदलावयास सांगू नये. पण जमिनीवर निजणे हा सर्वांना लागू पडणारा उपचार नव्हे.

शीताचा विचार त्याहून दुर्लक्षित आहे. रुग्ण वरून पांघरूण घेतो, परंतु शरीराची उष्णता खालच्या जमिनीत वाहून जात असते. शरीराच्या भाराने खालचे अंथरूण दबते, त्यातील हवा निघून जाते आणि त्याची ऊब राखण्याची शक्ती घटते. ओल शिरली की ती आणखी घटते. सिमेंटची किंवा शहाबादी फरशी ही याबाबतीत कोरड्या मातीपेक्षा वाईट आहे. शीत गुणाने वात वाढतो, स्नायू आखडतात, आणि पहाटेचा कटिग्रह हे त्याचे फळ असते. म्हणून शाल आणि चादर अशी दोन वस्त्रे असतील आणि थंडी कंबरेला लागत असेल, तर एक वस्त्र वर घेण्यापेक्षा खाली अंथरणे अधिक उपयोगी पडते. हे साधे वाक्य रुग्णास अवश्य सांगावे.

जागेची निवड

मुक्कामी पोचल्यावर दमलेला वारकरी जिथे जागा मिळेल तिथे आडवा होतो. दिंडीप्रमुखांना आधी सांगून ठेवल्यास कंबरेच्या रुग्णांसाठी राहुटीतील एक बाजू राखून ठेवता येते. ती निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

जागा शक्यतो मुरमाड, उंचवट्याची व सपाट असावी. काळ्या मातीचे नांगरलेले रान पहिल्या रात्री मऊ वाटते, परंतु पाऊस झाला की खालून ओल चढते. थोडा उतार अपरिहार्य असेल तर डोके वरच्या बाजूस आणि पाय खालच्या बाजूस करावेत. आडव्या उतारावर मात्र निजू नये, कारण गडगडू नये म्हणून शरीर झोपेतही स्वतःस सावरत राहते. अंथरण्यापूर्वी हाताने चाचपून खडे व काटक्या वेचाव्यात. माती मोकळी असेल तर नितंब येतील त्या ठिकाणी तळहाताएवढा उथळ खळगा करावा आणि त्यावर अंथरावे. कुशीवर निजणाऱ्यास याने विशेष आराम मिळतो.

वयस्क पुरुषांना रात्री एकदोनदा लघुशंकेस उठावे लागते. त्यांची जागा राहुटीच्या दाराजवळ असावी आणि उशाशी विजेरी असावी. आत कोपऱ्यात जागा मिळाली की दहा जणांना ओलांडून जाण्याच्या संकोचाने ते वेग धरून ठेवतात. त्यातूनही शूल वाढतो.

आणखी एक गोष्ट कंबरेबाहेरची असली तरी सांगणे आवश्यक आहे. पावसाळ्यात जमिनीवर निजणाऱ्यांना मण्याराचा दंश होण्याचा धोका असतो. दंश बहुधा रात्री होतो, वेदना फारशी नसते, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटतात, गिळताना व बोलताना अडखळते, अशी तक्रार आल्यास तिला थकवा समजू नये आणि क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. शक्य तेथे खाट आणि चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी वापरावी.

अंथरुणाची रचना

अंथरुणाचे तीन थर समजावून सांगावेत. सर्वांत खाली ओल अडविणारा थर : ताडपत्री किंवा जाड प्लास्टिकचा कागद. तो अंथरुणाबाहेर पसरलेला राहू नये, नाहीतर पावसाचे पाणी त्यावर साचून आत येते. त्यावर ऊब व मऊपणा देणारा थर. गिर्यारोहक वापरतात ती बंद छिद्रांच्या फोमची गुंडाळता येणारी चटई येथे उत्तम. ती हलकी असते, पाणी शोषत नाही आणि फारशी दबत नाही. एक चटई कमी पडल्यास खांद्यापासून नितंबापर्यंत दुसरीची घडी टाकावी. ती उपलब्ध नसेल तर कोरडा पेंढा गोणपाटात भरून त्यावर वाकळ टाकावी. सर्वांत वर घोंगडी. लोकरीची घोंगडी थोडी ओलसर झाली तरी ऊब टिकविते, सुती चादर ओलसर होताच ती गमावते.

हवा भरावयाच्या गाद्या अलीकडे बऱ्याच दिंड्यांत दिसतात. त्यात दोन चुका होतात. पहिली, गादी फुग्यासारखी टणक भरणे. दुसरी, ती आत पोकळ असल्याने खालून थंड राहते हे न ओळखणे. पूर्ण भरून नंतर थोडी हवा सोडावी. कुशीवर निजल्यावर नितंब जमिनीस टेकत नाही, पण थोडे आत जाते, इतकीच हवा ठेवावी. रात्री गारठा वाढला की आतील हवेचा दाब कमी होतो, म्हणून निजण्यापूर्वी पुन्हा हात लावून पाहावे. वर घोंगडी असावीच.

घडीच्या खाटेचा मोठा गुण हा की तिच्यावरून उठणे सोपे जाते. ज्यांच्या कंबरेसोबत गुडघेही दुखतात त्यांना ती आवश्यकच समजावी. मात्र कापड सैल पडून झोळी झालेली खाट नको. झोळी पडत असेल तर कंबरेखाली दुपदरी घडी घालावी. खाटेखालून वारा लागतो, म्हणून वरील अंथरूण तितकेच जाड हवे.

निजण्याची व उठण्याची रीत

उताणे निजणाऱ्याने गुडघ्यांखाली कपड्यांची गुंडाळी ठेवावी. कुशीवर निजणाऱ्याने गुडघे थोडे दुमडून त्यांच्यामध्ये उशी किंवा घडी केलेली शाल ठेवावी, म्हणजे वरचा पाय पुढे घसरून कंबर पिळली जात नाही. डोक्याखालची उशी कुशीवर निजताना खांदा व मान यांमधील अंतर भरून काढील इतकी असावी. कपड्यांची पिशवी त्यासाठी पुरते. ज्यास पालथे निजण्याची सवय सुटत नाही त्याने पोटाखाली पातळ घडी घ्यावी. दिवसा वापरावयाचा कंबरपट्टा रात्री सोडून ठेवावा.

उठण्याची रीत प्रत्यक्ष करून घ्यावी, केवळ सांगू नये. प्रथम कुशीवर वळावे. मग हातांनी रेटा देऊन गुडघे व तळहात जमिनीवर टेकावेत. एक पाऊल पुढे घ्यावे आणि काठीचा किंवा सोबत्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहावे. उताण्या स्थितीतून एकदम ताठ उठणे हे कंबर धरण्याचे नेहमीचे कारण आहे.

पहाटेचा पहिला तास विशेष जपण्याचा असतो. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील चकत्यांत पाणी अधिक साठलेले असते आणि पुढे वाकताना त्यांवर ताण अधिक येतो. वारीत नेमकी याच तासात सारी वाकण्याची कामे येतात : वळकटी आवळणे, बोचके मालट्रकवर चढविणे, बादलीवर वाकून स्नान. म्हणून कंबरेच्या रुग्णाने आपली वळकटी दुसऱ्याकडून बांधून घ्यावी. हे सांगितले की रुग्ण संकोचतो. "माउली, आपले ओझे दुसऱ्यावर कशाला?" असे म्हणतो. त्यास सांगावे की मोबदल्यात भाजी निवडणे, पाण्याचे पिंप राखणे अशी बसून करण्याची सेवा तो घेऊ शकतो. दिंडीत अशी वाटणी सहज होते. कोणी मागत नाही म्हणून ती होत नाही, इतकेच.

औषधयोजना : काळाचे भान

सेवाभावी शिबिरांत आम्ही सर्वजण एक चूक करतो. भर दुपारी रुग्णास पालथे निजवून कंबरेस तेल चोळतो, तो सुखावतो, आणि पाच मिनिटांत उठून पावसात चालू लागतो. स्नेहन-स्वेदनानंतर वारा व शीत वर्ज्य आहेत, हे त्याला सांगून उपयोग काय? त्याऐवजी तेलाची लहान बाटली हाती द्यावी आणि विधी रात्रीचा सांगावा. मुक्कामी कोमट पाण्याने पाय धुऊन कोरडे करावेत. कंबरेस व तळपायांस बला तैल, महानारायण तैल किंवा सहचर तैल कोमट करून लावावे. निर्गुंडीची पाने तव्यावर गरम करून पुरचुंडीने शेकावे आणि लगेच पांघरुणात शिरावे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्राजनक उपायांत अभ्यंग आणि नीट अंथरलेली शय्या हे दोन्ही एकत्रच आले आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

सामावस्था ओळखावी. जिव्हा साम, अरुची, अंग जड, तेल लावल्याने वेदना वाढते, अशा रुग्णास तेल न देता तव्यावर तापविलेल्या वाळूची पुरचुंडी, सुंठीचे पाणी व लघू आहार द्यावा. मधुमेही रुग्णांस बधिरतेमुळे चटका कळत नाही. त्यांचा शेक दुसऱ्याने आपल्या हातावर पाहून मगच करावा. गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन निजू नये.

पोटातून त्रयोदशांग गुग्गुळ, रास्नासप्तक काढा इत्यादींची योजना अवस्थेनुसार करावी. नवे औषध वाटेत प्रथमच सुरू करू नये, प्रस्थानापूर्वी दोन-तीन आठवडे देऊन पाहावे. कटिबस्तीसारखे उपक्रमही त्याच काळात उरकावेत. वातानुलोमनासाठी गंधर्वहरीतकी उपयुक्त असली तरी मात्रा मृदू असावी. घरी योग्य ठरणारी विरेचक मात्रा राहुटीत रुग्णास मध्यरात्री पावसात दोनदा उठविते, आणि कंबरेचे सारे श्रेय वाया जाते.

प्रस्थानापूर्वी आणखी एक पथ्य. जे अंथरूण वारीत न्यावयाचे आहे त्यावर घरीच चार-पाच रात्री निजून पाहावे. उणीव तेथेच कळते आणि घरी ती भरून काढता येते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

वारीच्या दिवसांत मार्गावरील औषधालयांत सर्वाधिक मागणी तेल, मलम आणि वेदनाशामक गोळ्यांची असते. तेल काचेच्या मोठ्या बाटलीत देऊ नये, घट्ट झाकणाच्या ५० ते १०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटल्या ठेवाव्यात. फोमची चटई, ताडपत्रीचा तुकडा आणि विजेरी या वस्तू औषधालयात ठेवणे विसंगत वाटेल, परंतु कंबरेच्या रुग्णास त्यांचा उपयोग तिसऱ्या वेदनाशामक गोळीपेक्षा अधिक आहे.

वेदनाशामक गोळी मागणाऱ्यास रक्तदाबाची किंवा लघवी वाढविणारी औषधे चालू आहेत काय, हे विचारावे. उन्हात चालून शरीरातील पाणी कमी झालेल्या वृद्धास अशा औषधांसोबत वारंवार वेदनाशामके दिल्यास मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यास वैद्यांच्या सल्ल्याविना वेदनाशामक किंवा गुग्गुळकल्प देऊ नये.

यात्रेच्या गर्दीत "एका दिवसात कंबर मोकळी" अशा पुड्या विकल्या जातात. औषध नियमांतील (ड्रग्ज रूल्स) नियम १६१ प्रमाणे आयुर्वेदीय औषधाच्या लेबलावर घटकद्रव्ये असणे बंधनकारक आहे. ज्या पुडीवर घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, बॅच क्रमांक नाही, ती आपल्या दुकानात येऊ देऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे वेळोवेळी उघड झाले आहे. त्याची किंमत रुग्ण मोजतो आणि बदनामी आयुर्वेदाची होते.

केव्हा थांबवावे

वारी घडविणे हा आपला हेतू असला तरी काही लक्षणे दिसताच रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठविणे हाच धर्म आहे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, मलप्रवृत्तीवरील ताबा जाणे, गुदाभोवती व मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता, दोन्ही पायांत कमजोरी किंवा पाऊल उचलता न येणे. ही मज्जारज्जूच्या शेवटच्या नाड्यांवर दाब आल्याची चिन्हे आहेत. येथे तास मोजले जातात, तेल-शेक यात वेळ दवडू नये, १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. ज्वरासह कंबरदुखी, पडल्यानंतरची तीव्र वेदना, निजूनही न थांबणारी रात्रीची वेदना, कारणाशिवाय घटलेले वजन किंवा पूर्वी कर्करोग झाल्याचा इतिहास, यांचीही तपासणी लांबवू नये. "पंढरपूर गाठू, मग पाहू" असे रुग्ण म्हणेल. त्याला गृध्रसीचा साधा शूल आणि ही लक्षणे यांतील भेद प्रस्थानापूर्वीच समजावून ठेवलेला असेल, तर तो आपले ऐकतो. वाटेत प्रथमच सांगितले तर ऐकत नाही.

शास्त्राने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य असे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले. वारकऱ्याच्या आहाराची काळजी गावोगावचे अन्नदाते घेतात. त्याच्या निद्रेची काळजी घेणारा कोणी नाही. येत्या प्रस्थानापूर्वी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक कंबरेच्या रुग्णास औषधपत्रिका लिहून देताना तिच्या पाठीमागे अंथरुणाचे तीन थर आणि उठण्याची रीत लिहून द्यावी, एवढीच आमची सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे. लिहावयास दोन मिनिटे लागतात, आणि पुढच्या अठरा पहाटे तो रुग्ण उठू शकेल की नाही, हे पुष्कळदा त्यावर ठरते.